टोमॅटो हिरवागार असतानाच मान टाकतो, दर वर्षी, त्याच वाफ्यात

आमच्या परड्यातल्या टोमॅटोंनी ओळीनं चार वर्षं एकाच पद्धतीनं जीव सोडला. मृगाचा पाऊस लागला की मी रोपं लावायची. ऑगस्टपर्यंत ती कमरेएवढी व्हायची, काठ्यांना बांधून व्हायची, खालच्या घोसातली फळं लिंबाएवढी झालेली असायची. मग गणपतीच्या आगेमागे पाऊस चार दिवस उघडीप द्यायचा, लख्ख ऊन पडायचं आणि दुपारी दोनच्या सुमाराला एखाद्या झाडाच्या शेंड्याची पानं धुऊन पिळलेल्या फडक्यासारखी लोंबायची. संध्याकाळी तेच झाड पुन्हा ताठ. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तसंच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते संध्याकाळीही उठायचं नाही. एक पान पिवळं नाही, कुठे डाग नाही, किडीचा पत्ता नाही. हिरवंच्या हिरवं झाड आठवड्यात वाळून जायचं आणि पुढच्या आठवड्यात त्याच्या शेजारचं.

बेळगावातल्या अनगोळला आमचं परडं फार मोठं नाही, पण माती लाल आणि मोकळी आहे, ऊन भरपूर आहे. त्यामुळे दोष माझ्या हातात आहे की बियाण्यात, हेच कळत नव्हतं. नंतर खानापुरात माहेरी, निपाणीला नणंदेकडे, वडगावात मैत्रिणीकडे हीच तक्रार ऐकली, तेव्हा लक्षात आलं की हे एका परड्यापुरतं नाही. म्हणून सगळं सविस्तर लिहिते. कुठल्या क्रमानं तपासायचं, काय करायचं आणि कशावर पैसे घालवायचे नाहीत, हे एकदा कळलं की पुढची दोन-तीन वर्षं वाचतात.

आधी पाणी घालणं थांबवा

झाड सुकलेलं दिसलं की हात आपसूक तांब्याकडे जातो. मीही सकाळ-संध्याकाळ एकेक बिंदगी ओतत होते. पण ऑगस्टमध्ये आपल्याकडे माती कोरडी असण्याची शक्यता किती? बोट मातीत दोन पेरं खुपसून बघा. आत ओल असेल आणि तरीही झाड मान टाकत असेल, तर पाणी कमी पडलेलं नाही. पाणी मुळाशी आहे, ते वर चढत नाही. अशा वेळी आणखी पाणी घातलं तर मुळं कुजतात. रोग जिवाणूचा असेल तर तेच पाणी तो शेजारच्या झाडापर्यंत पोचवतं.

भर उन्हात दुपारी पानं थोडी ढिली पडणं आणि पाच वाजता सावरणं हे फेब्रुवारी-मार्चमध्ये निरोगी झाडातही होतं. सगळी झाडं सारखीच ढिली पडत असतील तर काळजी नको, आळ्यात पालापाचोळा पसरा. ओळीतलं एकच झाड लोंबत असेल आणि बाकीची ताठ असतील, तर पुढचं वाचा.

झाड उपटा, मुळं बघा

जे झाड संध्याकाळीही उठत नाही ते वाचत नाही, हे मला स्वीकारायला वेळ लागला. लिंबाएवढी फळं लागलेलं झाड उपटायला जिवावर येतं. पण ते उपटलं नाही तर कारण कळत नाही आणि ते तिथे उभं असेपर्यंत बाकीची धोक्यात राहतात. खुरप्यानं भोवतीची माती सैल करून मुळं न तोडता झाड बाहेर काढा आणि मुळं बादलीतल्या पाण्यात हलकेच खळबळून घ्या.

मुळांवर मण्यांसारख्या गाठी असतील, मूळच जागोजागी फुगलेलं दिसत असेल, तर सूत्रकृमी, म्हणजे मातीतले डोळ्यांना न दिसणारे धाग्यासारखे कृमी. (घेवड्याच्या मुळांवरच्या गाठी वेगळ्या, त्या चांगल्या असतात आणि नखानं सहज सुटून येतात. सूत्रकृमीची गाठ मुळाचाच भाग असते, सुटत नाही.) मुळं कुरतडलेली असतील आणि मातीत पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकडी अळी सापडली तर हुमणी. कच्चं शेणखत घातलं असेल तर ती हमखास येते. मुळांची साल बोटांनी ओढली की मोज्यासारखी निघून येत असेल, आत नुसती दोरी उरत असेल आणि वास येत असेल, तर पाणी साचून मुळं कुजली आहेत. शहापूर, वडगाव, येळ्ळूरकडच्या काळ्या मातीत हे जास्त होतं. बुंध्याची साल जमिनीलगत खाल्लेली असेल, वर मातीचं अस्तर दिसत असेल, तर वाळवी.

आणि मुळं जवळजवळ चांगली असतील, निदान झाड मरण्याइतकी वाईट नसतील, तर ग्लास घ्या.

ग्लासातली पाच मिनिटं

जमिनीच्या वर चार बोटं अंतरावर खोड कापा. कापलेल्या तोंडाकडे नीट बघा. सालीच्या आत तपकिरी कडं दिसतंय का? आता तिथूनच दोन-तीन इंचांचा तुकडा घ्या. काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी भरून हलणार नाही असा ठेवा. तुकड्याला दोरा बांधून काठावर काडी आडवी ठेवा आणि तुकडा असा लटकवा की त्याचं खालचं टोक पाण्यात अर्धा इंच बुडेल. ग्लासामागे काळं काहीतरी धरा. मी तवा धरला होता.

मग हात न लावता थांबा. पहिलं मिनिट काहीच झालं नाही. दुसऱ्या मिनिटाला कापलेल्या टोकातून दुधासारखी पांढरी, केसाएवढी बारीक धार सरळ खाली उतरायला लागली. मग दुसरी, मग चार-पाच एकदम. ग्लासाच्या तळाशी पोचून त्या ढगासारख्या पसरल्या. पाचेक मिनिटांत पाणी गढूळ झालं. त्या एकेका धारेत लाखो जिवाणू असतात. झाडाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या त्यांच्या चिकट द्रवानं तुंबलेल्या असतात, म्हणून मुळाशी ओल असूनही शेंडा तहानेनं मरतो. ते बघितल्यावर चार वर्षांचं कोडं सुटलं.

असे पांढरे धागे दिसले तर ती जिवाणूजन्य मर. धागे दिसले नाहीत, पण खोडात तपकिरी पट्टे आहेत आणि झाड खालच्या पानांपासून, बहुतेक वेळा एका बाजूनं, पिवळं पडत वर गेलं असेल, तर ती बुरशीची मर. बुरशीच्या मरीत झाड हळूहळू, पिवळं होत जातं. जिवाणूच्या मरीत ते हिरवं असतानाच जातं. हा फरक लक्षात ठेवला तरी निम्मं काम होतं. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि दुकानदार बहुधा दोन्हींना एकच बाटली देतो.

आमच्या शेजारच्या अक्कांनी तर झाड लांबूनच बघून सांगितलं होतं, ‘सोरगु रोग बंदैती नोड्री’, म्हणजे मर रोग आलाय बघा. कन्नडात मर रोगाला सोरगु रोग म्हणतात. रैत संपर्क केंद्रात, म्हणजे कर्नाटकच्या कृषी खात्याच्या शेतकरी केंद्रात, विचारायला गेलात तर हाच शब्द वापरा, लगेच समजतं.

हा येतो कुठून

या जिवाणूचं नाव राल्स्टोनिया सोलानासिरम. एर्विन स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञानं 1896 साली टोमॅटो, वांगी आणि बटाटा यांवरच्या या रोगाचं वर्णन केलं. नावातच कुळ आहे. सोलानासी, म्हणजे टोमॅटो, वांगं, मिरची, ढबू मिरची, बटाटा आणि तंबाखू हे सगळे एका घरचे. आता आपल्या मुलखाकडे बघा. बेळगाव तालुक्यात खरिपाचा बटाटा, निपाणी-चिकोडीकडे तंबाखू, संकेश्वरची मिरची आणि घरोघरी वांगी. या जिवाणूला आपल्याकडे वर्षभर पंगत वाढलेली असते.

बटाट्यावर हाच रोग आला की जुने शेतकरी त्याला बांगडी म्हणतात. बटाटा आडवा कापला की सालीच्या आत तपकिरी कडं दिसतं, दाबलं की त्यातून पांढुरका चिकट द्रव येतो. माझा संशय अशाच बटाट्यांवर आहे. स्वयंपाकघरातली सालं, मऊ पडलेले बटाटे, कोंब आलेले बटाटे हे सगळं मी खत होईल म्हणून थेट टोमॅटोच्या वाफ्यात पुरत होते. कोंबातून आलेला बटाट्याचा वेल कौतुकानं ठेवत होते. बटाटा बाहेरून धडधाकट दिसतो आणि आत जिवाणू घेऊन येतो. तेव्हापासून आमच्या घरात बटाटा, टोमॅटो, वांगी यांची सालं आणि खराब फळं वाफ्यात जात नाहीत. बाकी भाज्यांचं खुशाल पुरा.

दुसरी वाट पाण्याची. ग्लासात धागे दिसले त्या दिवशी मी वहीत वाफ्याचं चित्र काढलं आणि कुठलं झाड आधी गेलं, कुठलं नंतर, असे आकडे घातले. एक, दोन, तीन, चार असे आकडे तिरक्या रेषेत एकामागून एक आले. पाऊस सुरू असताना छत्री घेऊन बाहेर जाऊन बघितलं, तर कौलांच्या पागोळ्यांचं पाणी वाफ्यात पडून नेमकं त्याच रेषेनं उताराला वाहत होतं. झाडं मरण्याचा क्रम म्हणजे पाण्याचा क्रम होता. तुमच्याकडे हा रोग असेल तर हे चित्र जरूर काढा. तुमचं पाणी कुठून कुठे जातं ते कागदावर आलं की पुढचं सुचतं. आम्ही पागोळ्यांखाली चर खणून ते पाणी थेट नारळाकडे वळवलं आणि नवे वाफे फूटभर उंच केले.

तिसरी वाट आपल्या हातांची आणि हत्यारांची. एकाच सुरीनं दहा झाडांच्या बगलफुटी कापल्या की पहिल्याचं दहाव्यापर्यंत जातं. कोवळ्या बगलफुटी कोरड्या दिवशी बोटांनी मोडा. सुरी वापरायचीच तर प्रत्येक झाडानंतर स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा. चौथी वाट रोपांची. मातीत वाढवलेली, मुळांना मातीचा गोळा असलेली तरू बाजारातून आणली की कोणाच्या रानातली माती आपण घरात आणतो ते कळत नाही. मी आता घरी कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, रोपं करते, किंवा ट्रेमध्ये कोकोपीटवर वाढवलेलीच विकत घेते.

तण विसरू नका. कामोणी, जिची काळी बारीक फळं मुलं खातात, तीही याच कुळातली, आणि धोत्राही. वाफा टोमॅटोशिवाय रिकामा ठेवला पण कडेला कामोणी वाढू दिली, तर जिवाणूला मुक्कामाची सोय झाली.

मेलेल्या झाडाचं काय करायचं

मुळांसकट उपटून, उन्हात वाळवून जाळा, नाहीतर पिशवीत बांधून कचऱ्याच्या गाडीत द्या. खताच्या खड्ड्यात टाकू नका, गटाराकडे किंवा शेजारच्या रिकाम्या जागेत फेकू नका. त्याला लागलेली हिरवी फळं मात्र फुकट घालवायची गरज नाही. हा जिवाणू झाडांचा आहे, माणसाला त्यापासून काही होत नाही. हिरव्या टोमॅटोची चटणी आपल्याकडे तशीही आवडीची. टोमॅटो चिरून लसूण-मिरचीबरोबर तेलावर परतायचे, भाजलेले शेंगदाणे आणि तीळ घालून खलबत्त्यात कुटायचे, भाकरीबरोबर वाढायचे. फक्त चिरताना निघालेला कचरा वाफ्यात नको आणि त्या फळांचं बी धरायचं नाही.

झाड निघालं त्या खड्ड्यात मी ब्लीचिंग पावडरचं पाणी ओतते, 10 लिटरला साधारण 30 ग्रॅम. ते फक्त तेवढ्या खड्ड्यापुरतं, जिवंत झाडाच्या मुळांपासून दूर. सगळ्या वाफ्यात ओतू नका. शेणखत घातलेल्या मातीत त्याचा जोर लवकर ओसरतो आणि चांगले जीवही मरतात. खुरपं, कुदळ आणि चपलांचे तळवे धुऊन मगच दुसऱ्या वाफ्यात पाय ठेवा. उरलेल्या झाडांना आठवडाभर पाणी बेतानं, आणि उपटलेल्या जागेवरून वाहत येणारं पाणी नको.

कशावर पैसे घालवू नयेत

पहिल्या वर्षी मला बुरशीनाशक दिलं, दुसऱ्या वर्षी ताम्रयुक्त पावडर, तिसऱ्या वर्षी छोट्या पुडीतलं प्रतिजैविक. तिन्हींनी एकही झाड वाचलं नाही. बुरशीनाशक जिवाणूला मारत नाही. पानांवर मारलेलं ताम्र खोडाच्या नळ्यांत पोचत नाही. आणि प्रतिजैविक म्हणजे माणसांच्या आजारात लागणारी औषधं, ती घरच्या भाजीच्या मातीत ओतणं मला पटत नाही. तिथे ते कामही करत नाही आणि जिवाणू त्या औषधाला सरावतात ते वेगळंच. मान टाकलेलं झाड उठवणारं औषध नाही, असं कोणी मला पहिल्याच वर्षी सांगितलं असतं तर मी त्याचे उपकार मानले असते.

ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी चांगली आहे, पण ती बुरशीच्या मरीवर. जिवाणूच्या मरीसाठी काही द्यायचंच असेल तर स्युडोमोनास हा उपयोगी जिवाणू, तोही आधी. रोप लावताना एक लिटर पाण्यात 10 ग्रॅम पावडर कालवून मुळं अर्धा तास बुडवून ठेवायची. मी हे करते, पण एवढ्यावर विसंबत नाही. झेंडू लावा असंही सगळे सांगतात. झेंडूचा उपयोग सूत्रकृमीवर होतो. सूत्रकृमींनी मुळांना केलेल्या जखमांतून हा जिवाणू आत शिरतो, म्हणून झेंडू आणि चौरस मीटरला पाव किलो निंबोळी पेंड यांचा आडून फायदा आहे. थेट जिवाणूवर नाही.

त्या वाफ्यात आता काय लावायचं

हा जिवाणू मातीत वर्षानुवर्षं टिकतो. म्हणून त्या वाफ्यात निदान तीन वर्षं टोमॅटो, वांगं, मिरची, ढबू आणि बटाटा यांपैकी काहीही नाही. यातच बहुतेक लोक चुकतात. टोमॅटो मेला म्हणून त्याच जागी वांगी लावतात आणि फेरपालट केली असं समजतात. घर तेच, माणूस बदलला, एवढंच होतं. आलंही तिथे नको, त्यालाही हा जिवाणू लागतो.

लावायचं तर मका, कांदा, लसूण, मेथी, शेपू, मुळा, घेवडा, गवार, दोडका, कारलं. रताळं बटाट्यासारखं जमिनीखाली वाढत असलं तरी त्याचं कुळ वेगळं आहे आणि आपल्या खानापूर-बेळगावच्या लाल मातीला ते मानवतं. आमच्या त्या वाफ्यात पहिल्या वर्षी मका आणि त्यावर चढवलेला घेवडा होता, दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात दोडका आणि हिवाळ्यात कांदा-मेथी. दोडका इतका आला की गल्लीत वाटला.

एप्रिल-मे महिन्यात वाफा रिकामा असेल तर मातीला ऊन द्या. ढेकळं फोडून माती भरपूर भिजवा, वर पातळ, पारदर्शक प्लास्टिक ताणून घाला आणि कडा मातीत गाडून टाका. चार ते सहा आठवडे उघडायचं नाही. काळा कागद चालत नाही, ऊन आत गेलं पाहिजे. आपल्याकडे त्या दिवसांत वळवाचा पाऊस वाऱ्यासकट येतो, म्हणून कडा वीतभर खोल गाडा. माझं पहिल्या वर्षीचं प्लास्टिक एका संध्याकाळच्या वळवानं शेजारच्या आंब्यावर नेऊन टाकलं. यानं वरची वीतभर माती बरीच निवळते, खोलवरची नाही.

चुन्याबद्दल खूप विचारतात. बेळगावच्या पश्चिमेला, खानापूरच्या बाजूला, जास्त पावसानं माती धुऊन आंबट झालेली असते आणि आंबट मातीत हा रोग जास्त जोर धरतो. पण पूर्वेकडच्या काळ्या मातीत चुना आधीच असतो, तिथे आणखी टाकला तर नुकसान. म्हणून आधी माती तपासा. रैत संपर्क केंद्रात किंवा कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा, जिल्ह्यात मत्तिकोप्पला आणि तुक्कानट्टीला अशी केंद्रं आहेत. सामू, म्हणजे मातीचा आंबटपणा सांगणारा आकडा (पीएच), 6 च्या खाली आला तरच शेतीचा चुना, म्हणजे चुनखडीची पूड, 10 चौरस फुटांना साधारण 200 ग्रॅम, लावणीच्या तीन आठवडे आधी मातीत मिसळा. शेणखताबरोबर त्याच दिवशी घालू नका.

जागाच एवढीशी असेल की फेरपालट करायला दुसरा वाफाच नाही, तर तीन वर्षं टोमॅटो कुंडीत किंवा मोठ्या पिशवीत लावा, निदान 15 इंच रुंद-खोल. माती परड्यातली नको, नाहीतर रोगच कुंडीत भराल. भाताच्या शेतातली माती मिळाली तर उत्तम. महिनोन्महिने पाणी उभं असलेल्या मातीत हा जिवाणू फार टिकत नाही. आपल्याकडे बासमतीची शेतं जवळ आहेत, ओळखीच्यांकडून दोन पोती मिळतात. ती माती चिकट असते, म्हणून त्यात तेवढंच कुजलेलं शेणखत आणि निम्मी जाड वाळू मिसळा. कुंड्या विटांवर ठेवा, जमिनीला टेकवू नका.

हंगाम बदलला आणि निम्मा रोग गेला

सगळ्यात जास्त फरक मला इथे दिसला. हा जिवाणू 25 ते 35 अंश उष्णता आणि ओल यांवर पोसतो. मृगाला लावलेला टोमॅटो नेमका फळावर येतो तेव्हा ऑगस्ट-सप्टेंबरची ओल असते आणि मधूनमधून कडक ऊन, नंतर ऑक्टोबरचा उकाडा. आपण झाडाला ऐन भरात त्याच्या पुढ्यात नेऊन उभं करतो. बेळगावचा हिवाळा मात्र गार असतो. माती थंड असली की जिवाणू मंदावतो.

आता मी टोमॅटोचं बी नवरात्रात घालते आणि दिवाळीच्या आसपास, पाऊस पूर्ण गेल्यावर रोपं लावते. जानेवारीपासून फळ सुरू होतं आणि मार्चपर्यंत चालतं. पावसाळ्यात तीच जागा वेलभाज्यांना. घरात सुरुवातीला विरोध झाला. मृगाला लावायची रीत आहे, असं सासूबाईंचं म्हणणं. पण फेब्रुवारीत टोपलीभर टोमॅटो बघितल्यावर त्यांनीच मला पुढच्या नवरात्रात बियांची आठवण केली.

वाण आणि कलम

बेंगळुरूच्या हेसरघट्ट इथल्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनं अर्का रक्षक आणि अर्का सम्राट हे टोमॅटोचे संकरित वाण काढले आहेत. पर्णगुच्छ (पानं आखडून गोळा होण्याचा रोग), जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना ते दाद देत नाहीत. वांग्यात अर्का निधी, अर्का केशव, अर्का नीलकंठ मर सोसतात. प्रतिकारक म्हणजे अमर नव्हे. रोगानं भरलेल्या मातीत, पाणी साचलेल्या जागी तेही जातात. पण दहापैकी आठ उभे राहिले तरी घराला पुरतं. संकरित वाणाचं बी धरून पुन्हा लावू नका, पुढच्या पिढीत तो गुण सगळ्या रोपांत उतरत नाही.

कलमाचा मार्ग मी दोन वर्षं करून बघते आहे. रानवांग्याच्या किंवा मर सोसणाऱ्या वांग्याच्या खुंटावर टोमॅटोचा शेंडा बांधायचा. वांग्याचं बी हळू रुजतं, म्हणून ते दोन-तीन आठवडे आधी घाला. दोन्ही रोपांची खोडं काडेपेटीच्या काडीएवढी जाड झाली की वांग्याचा शेंडा छाटून खोडाला अर्धा इंच उभी चीर द्या, टोमॅटोच्या शेंड्याची पाचर करून तीत बसवा आणि पातळ टेपनं गुंडाळा. मग आठ दिवस सावलीत, वर पाण्याची मोठी बाटली कापून पालथी घालून, आत दमटपणा राखून. पहिल्या खेपेला माझी 12 पैकी 5 कलमं धरली, दुसऱ्या खेपेला 9.

लावताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून जपा. कलमाचा जोड मातीच्या वर चार बोटं राहिला पाहिजे. टोमॅटोला आपण एरवी बुंध्याशी मातीची भर देतो, खोल लावतो, कारण त्याच्या खोडाला मुळं फुटतात. कलमी रोपाला तसं केलं की जोडाच्या वरून टोमॅटोची स्वतःची मुळं फुटून मातीत उतरतात आणि रोग पुन्हा आत येतो. माझं एक कलमी झाड नेमकं असंच गेलं, मुलानं प्रेमानं त्याला माती ओढली होती.

काढणीबद्दल थोडंच सांगते. फळाच्या खालच्या टोकाला कवडीएवढा गुलाबी रंग आला की काढा, ते घरात टोपलीत व्यवस्थित पिकतं. झाडावर पूर्ण लाल होऊ दिलं तर पक्षी आणि अळी आपल्याआधी पोचतात, झाडावर ओझंही राहतं. देठासकट, सकाळचं दव वाळल्यावर काढा. फ्रिजमध्ये ठेवू नका, चव जाते.

जुन्या वाफ्यात परत कधी जायचं? तीन वर्षं झाली की सगळा वाफा एकदम टोमॅटोला देऊ नका. ऑगस्टमध्ये, म्हणजे रोगाला सगळ्यात अनुकूल दिवसांत, त्यात दोन साध्या गावठी टोमॅटोची रोपं लावा. प्रतिकारक वाण नको, लवकर बळी पडणाराच हवा. एक पूर्वी पहिलं झाड मेलं होतं त्या जागी आणि दुसरं उताराच्या शेवटी. दसऱ्यापर्यंत दोन्ही उभी राहिली तर दिवाळीत तिथे टोमॅटो लावा. एकानंही मान टाकली तर ते कापून ग्लासात धरा, आणि धागे दिसले तर त्या वाफ्यात आणखी दोन वर्षं मका आणि कांदा. आमच्या वाफ्यातली ही दोन रोपं आज वीतभर झाली आहेत. रोज दुपारी दोन वाजता मी एकदा बाहेर जाऊन त्यांच्याकडे बघून येते.